बनाबाईंच्या बोअरचा दोर

"मावशी, दोर बांधल्याबिगर मोटार खाली जायाची न्हाई," हनुमंतने तिसऱ्यांदा सांगितलं.

"पाइपाला बांधलीय की. दोराचा आणखी खर्च कशाला?" बनाबाई बोअरशेजारी फतकल मारून बसल्या होत्या.

"पाइप निसटला तर दोर हाय. दोर नसला तर मोटार तळाला."

उत्रोलीच्या शिवारात वीस वर्षं बोअरमधल्या मोटारी उतरवणाऱ्या हनुमंतचा हा एकच धर्म होता. दोराच्या बाबतीत तो सख्ख्या मेहुण्यालाही सूट देत नसे.

तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला आणि धर्म डळमळला. मोटार उतरवायच्या नव्या चेनपुलीसाठी साठवलेले चाळीस हजार त्याने एका शेअरमध्ये घातले होते, दोनशेच्या भावाने. एकशे नव्वदला स्टॉप लॉस लावला होता. भाव तिथवर घसरला की शेअर आपोआप विकले जाणार आणि नुकसान तिथंच थांबणार. पण सकाळी भाव एकशे एक्क्याण्णववर येताच त्याने स्टॉप लॉस एकशे पंच्याऐंशीवर सरकवला. मग एकशे ऐंशीवर. आता भाव एकशे एक्क्याऐंशी होता. स्टॉप लॉस आणखी खाली न्यायला त्याने ग्रीसने माखलेला अंगठा पँटला पुसला.

"काय करतोयस रं?"

लपवून काय उपयोग? त्याने सगळं सांगून टाकलं. बनाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी दोर तू बांधलास, आन् मोटार खाली चालली की तूच सोडत चाललास."

"येईल वर, मावशी. चांगला शेअर हाय."

"माझी मोटारबी चांगलीच हाय. निसटली तर येईल का आपली आपण?"

स्वतःचाच उपदेश दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार जड जातं. हनुमंतने मोबाईल त्यांच्या हातात दिला. "मोटार उतरंस्तवर द्यायचा न्हाई. म्या मागितला तरी."

बनाबाईंनी तो पदराच्या टोकात बांधून वर दुहेरी गाठ मारली. दोर बांधलेली मोटार निम्मी उतरेपर्यंत हनुमंतने तो दोनदा मागितला. एकदा तर बायको आजारी आहे म्हणून.

"मघा दळाण घिऊन चालली हुती की," बनाबाई म्हणाल्या.

मग पदर थरथरला. "वाजला बग."

"एकशे ऐंशीला विकलं गेलं." हनुमंतला रडू येईलसं वाटलं, पण हातात मोटार होती. "चार हजार गेलं, मावशी."

"बाकीचं हायेत न्हवं?"

"हायेत."

पाणी आल्यावर बनाबाईंनी गाठ सोडून मोबाईल दिला. दोराच्या किमतीवरून हुज्जत घातली नाही. हनुमंतने शेअरचा पुढचा भाव बघितला नाही. जुनी चेनपुली मांडीवर घेऊन तो तिची कडी न् कडी पुसत बसला. नवीला आता पैसे पुरणार नव्हते, अजून एक वर्ष तिच्यावरच काढायचं होतं. मग त्याने तिला तेल दिलं.