जित्या भेगेवरची काच

मी काचेची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. लगेच नाक मुरडू नका. एका अख्ख्या भिंतीचं कोडं सोडवायला मला बसवलं होतं. सुटलं का म्हणाल तर... थांबा, मलाच अजून नीट उमगलेलं नाही.

माझा जन्म राजारामपुरीत, चमनभाईंच्या फ्रेमांच्या दुकानात. अंबाबाईच्या फोटोला काच कापली, तिची कड उरली, ती मी. कोपऱ्यात पडून होते. सदुसष्टच्या डिसेंबरात एका पहाटे दुकानातल्या सगळ्या फ्रेमा एकदम खणाणल्या. कोयनेला भूकंप झाला होता, आणि कोल्हापूर अंथरुणातून उठून रस्त्यावर आलं होतं.

चारेक दिवसांनी अण्णा मास्तर दुकानात आले. शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती, आणि तिच्यावर लावायला त्यांना काचेची पट्टी हवी होती. चमनभाईंनी मला पुसून त्यांच्या हातात दिलं. "ही घिऊन जावा मास्तर. अंबाबाईच्या फोटोतनं उरलीया, शुभ हाय."

हे वाक्य मास्तरांनी घरी जाऊन बायकोला जसंच्या तसं सांगितलं. सगळा घोळ तिथं झाला.

मास्तरांचे दोस्त हंबीरराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी मला भेगेवर आडवं धरलं, दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली आणि माझ्या अंगावर तारीख घातली.

"मास्तर, भेग जित्ती हाय का मेल्याली, ते ही पट्टी सांगंल. भिंत सरकाय लागली की काच फुटणार. शाबूत ऱ्हायली तर भेग मेली म्हणायचं."

"जित्ती भेग?" मास्तरांची बायको लीलाबाई दारातून म्हणाल्या. "आगं बया! मग तिला खायाला काय घालायचं?"

हंबीरराव हसले. मास्तरांना हसू आलं नाही. घर दोन खोल्यांचं, आणि त्या भिंतीला लागूनच त्यांची सात वर्षांची पद्मजा झोपायची.

"पर अवो, दख्खनचं पठार घट्ट हाय, हलत न्हाई, असं तुमीच पोरांना शिकिवता न्हवं?" लीलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"पुस्तकात तसंच आहे," मास्तर म्हणाले. "जमिनीनं पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

मग त्यांनी पद्मजाला समजावलं, की जमिनीच्या पोटातही अशा चिरा असतात, कोसन् कोस लांब. चिरेचे दोन काठ एकमेकांवर सरकले की वर आपण हादरतो. डोंगर, नद्या, सगळं अशाच सरकण्यानं हळूहळू बदलतं. मी ऐकत होते. म्हटलं, एवढ्या लांब चिरेवर पट्टी कोण लावणार?

पण माझी खरी पंचाईत वेगळीच होती. मी करायचं काय? फुटले तर काम केलं म्हणायचं, पण मग घरातलं कुणी सुखानं झोपणार नाही. नाही फुटले तर सगळे खूश, पण मग मी केलं काय? इकडं आड, तिकडं विहीर. कुणाला विचारणार?

लीलाबाईंना असला प्रश्न पडला नाही. त्यांच्या दृष्टीनं मी अंबाबाईचीच, भिंत धरून उभी राहिलेली. रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या, वर फुलानं पाणी शिंपडायच्या. मंगळवारी, शुक्रवारी नारळाचं पाणी. गल्लीतल्या बायका यायच्या. "पट्टी शाबूत हाय नव्हं?" "हाय की! बाईनं धरलीया भिंत."

खोटं कशाला बोलू? मला ते आवडायचं. कोपऱ्यातली कड होते, देवी झाले!

त्या वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरतच होती. भांडी वाजली की सगळे माझ्याकडं बघायचे, भेगेकडं कुणीच नाही. मी शाबूत. पद्मजा परत भिंतीशी झोपायची.

पावसाळ्यात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. रोजच्या पाण्यानं डाव्या टोकाचं प्लास्टर भुसभुशीत झालं होतं. पुढचा हादरा आला, भेग रुंदावली, आणि मी फुटायच्या ऐवजी त्या टोकातून नुसती घसरले. आवाज नाही, काही नाही. लीलाबाईंनी हात जोडले. मी आतून ओरडत होते, अहो, माझा एक हात सुटलाय! काचेचं ओरडणं कोण ऐकतंय?

नवरात्र आलं. लीलाबाईंनी झेंडूचा जाडजूड ओला हार माझ्यावर चढवला. तिसऱ्या माळेला सकाळी उजवं टोकही निसटलं आणि मी खळ्ळकन फरशीवर पडले. दोन तुकडे.

"बाई कोपली!" लीलाबाई किंचाळल्या.

मास्तर जेवता जेवता उठले. "भेग जिवंत आहे!" त्यांनी पद्मजाला उचललं, अंथरूण बाहेर काढलं आणि हंबीररावांना बोलावणं धाडलं.

हंबीररावांनी माझे तुकडे उलटसुलट केले. "मास्तर, ही भेगेनं फुटल्याली न्हाई. हाराच्या वजनानं पडलीया."

लीलाबाईंच्या जिवात जीव आला. "म्हंजे भिंतीला काय झालं न्हाई!" त्या अंथरूण उचलून आत निघाल्यासुद्धा.

हंबीरराव मात्र मी होते त्या जागी बघत राहिले. मला लावलं तेव्हा भेगेत त्यांचं नख शिरत नव्हतं. आता त्यांनी अख्खं बोट आत घातलं.

"वैनी, थांबा. पोरीला आत निऊ नगा."

दुसऱ्या दिवशी भिंत उतरवायला गवंडी आला. म्हणाला, "म्या पहार नुसती टेकवली बगा." सगळी भिंत आडवी झाली, बरोबर पद्मजाच्या झोपायच्या जागेवर. लीलाबाई अंगणात लेकीला पोटाशी धरून हुंदके देत राहिल्या.

मी खोटं फुटले आणि खरं बोलले. की खरं बोलायचं तेव्हाच गप्प बसले? बारा-तेरा वर्षं झाली, अजून उलगडत नाही. माझा एक तुकडा मास्तरांच्या शाळेत भूगोलाच्या कपाटात आहे, दुसरा इथं देवघरात. म्हणजे मी नक्की कुठं आहे, तेही सांगता येत नाही.

नव्या भिंतीला गेल्या महिन्यात केसाएवढी चीर गेली. तिच्यावर नवी पट्टी बसलीय. लीलाबाई आता तिला पाणी लागू देत नाहीत. रोज आधी चिरेत नख घालून बघतात, मग पट्टीपासून चार बोटं लांब, भिंतीला कुंकू लावतात.

देवघरातून मी त्या नव्या पट्टीला एकच सांगते. बाई गं, फुटलीस तरी चालेल, सुटू नकोस.