दोरावरचा हात

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सुनेला सासऱ्यांच्या उजव्या तर्जनीत तारेचा तुकडा दिसला. केसासारखा बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा लांब. भोवतीचं रक्त सुकून काळं पडलं होतं. सासरे बेसिनपाशी उभे राहून त्याच बोटाला खुशाल साबण चोळत होते.

"बाबा, बोटात काय गेलंय?"

"कुठे?" त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "अरेच्चा! हा पाहुणा कधी आला?"

तिला हसू आलं नाही. तार लिफ्टच्या दोराची होती, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

सासरे एकतीस वर्षं लिफ्टचे दोर तपासत आले होते. पोटच्या मुलाने पाना हातात धरला नाही. सुनेने धरला, आणि नऊ वर्षांत तीही पक्की मेकॅनिक झाली. लिफ्ट पाच पोलादी दोरांवर लटकते आणि एकेक दोर म्हणजे शंभराहून जास्त बारीक तारांचा पीळ. एखादी तार तुटली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण तुटलेलं टोक वर येतं, आणि वीतभर अंतरात अशी सहा टोकं सापडली की लिफ्ट तिथल्या तिथे बंद करायची. शोधायची रीत साधी: लिफ्ट थांबवून दोरावरून सुती चिंधी फिरवायची. टोक असेल तिथे धागा अडकतो.

सासऱ्यांना चिंधीचं वावडं. "चिंधी चुगली करते, पण उशिरा," असं म्हणून ते उघडं बोट फिरवत. त्या बोटाने दोर नापास केला की कंपनीचे साहेबही हुज्जत घालत नसत.

काल तिला दुसरं काम होतं. ते एकटेच दोन ठिकाणी जाऊन आले होते: सकाळी आठ मजली दवाखाना, दुपारी अकरा मजली कचेरी. कचेरीच्या एका दोरात महिन्यापूर्वी तिला चिंधीने वीतभरात तीन टोकं मिळाली होती. काल संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं होतं, "तीनच आहेत. वहीत लिहून आलोय."

तिने चिमट्याने तार उपसली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग तिने काडेपेटीतली काडी घेतली आणि त्यांचा हात हातात धरला. नऊ वर्षांत या हातात तिने पाने दिले होते, तेल दिलं होतं. हात कधी धरला नव्हता.

"डोळे मिटा. काडी लागली की बोट सांगा."

"शाळेत घातलंस का मला?"

"मिटा हो."

त्यांनी मिटले. थोडा वेळ गेला. "अगं, लाव ना! कामावर जायचंय."

तिने तोवर चार वेळा लावली होती.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा काडी बोटावरच टेकलेली होती. ते स्टुलावर बसले. "साखर," ते म्हणाले. "पाच महिने झाले. आधी बोटांची टोकं बधिर झाली."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? हात गेला म्हटलं की लायसन्स गेलं. मग घरी बसून भाजी निवडू?"

"निवडा. भाजीतली अळी निदान डोळ्यांना दिसते."

हे मात्र त्यांना लागलं. ते मान खाली घालून बोटाकडे पाहत राहिले. तिने फोन उचलला. "साहेबांना सांगते, दोन्ही लिफ्ट बंद करा."

"दोन्ही कशाला? कचेरीत मी चिंधी वापरली. तिथे आधीच तीन होती, मी काय मूर्ख आहे? उघडा हात दवाखान्यात लावला. तार तिथलीच. आधी तो दोर बघू, मग हवी तेवढी माझी शोभा कर."

एकतीस वर्षांच्या शब्दाला तिने मान दिला. फोन खाली ठेवला.

आठ वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याची लिफ्ट बंद झाली. खाली परिचारिका कुरकुरत होत्या, एक आजोबा काठी आपटत "जिने चढायचं वय आहे का हे?" विचारत होते. तिने दोर चिंधीने पाहायला घेतले. पहिला साफ. दुसरा साफ. तिसरा, चौथा. वीत-वीत पुढे सरकत पाचवाही साफ निघाला. धागा कुठेच अडकला नाही.

आठ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती हात पुसायला वरच्या यंत्रखोलीत आली. दारामागच्या खिळ्यावर एक चिंधी लटकत होती. ताजं ग्रीस, टोकाला दुहेरी गाठ. तशी गाठ एकच माणूस मारायचा.

"बाबा, ही कुणाची?"

सासरे दारातच थांबले. चिंधी हातात घेऊन त्यांनी ती चुरगाळली, जणू हाताने ओळख पटणार होती.

"म्हणजे उलटं झालं. चिंधी मी इथे वापरली आणि इथेच विसरलो," ते हळूच म्हणाले. "कचेरीत नव्हतीच."

"मग तिथे तीन कशावरून लिहिलीत?"

"बोटाला काही लागलं नाही. आधीची तीन होती ती होती. म्हटलं, वाढली नाहीत." त्यांनी चिंधी परत खिळ्याला लावली. "पोरी, मला ती तीनसुद्धा लागली नव्हती."

कचेरी नऊला उघडायची. तिने नंबर लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा पहारेकऱ्याने उचलला. ती बोलणार तोच सासऱ्यांनी फोन तिच्या हातातून घेतला.

"दोर तपासणारा बोलतोय. कालची माझी सही धरू नका. माझ्या हाताला कळत नाही, पाच महिने झाले. लिफ्ट रिकामी करा आणि किल्लीने बंद करा."

"थट्टा करताय का सकाळी सकाळी?" पहारेकरी म्हणाला. "आत्ताच भरून वर गेली. आठ जण आहेत आत."

"कितव्यावर आहे?"

"थांबा, बघतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिकडे कुणीतरी हसत होतं, पावलं वाजत होती. सुनेने घड्याळ पाहिलं. आठ वाजून सत्तावन्न मिनिटं.

पहारेकरी परत आला. "सातव्याचा दिवा लागलाय," तो म्हणाला. "अजून वर चाललीये."