उस्तांचं पॅनल

मीटरनं सोमवारीच सांगून टाकलं होतं. एका फेजचं व्होल्टेज खाली बसलं की त्याच क्षणी दुसऱ्याचं वर उसळायचं. म्हणजे न्यूट्रलची तार कुठंतरी सैल! हे ओळखायला ओडिलसारखा इंजिनियर कशाला हवा?

सगळी सूतगिरणी तपासून झाली होती. उरलं होतं एकच विजेचं पॅनल, म्हाताऱ्या नीश्मात-उस्तांनी जोडलेलं. आणि ज्या उस्तांनी हाताला धरून शिकवलं, त्यांच्या कामाला नमनगान शहरात कुणी परत पाना लावत नाही. तो त्यांचा अपमानच. मग ओडिलनं काय केलं? वीजकंपनीवाल्यांना शिव्या घातल्या आणि गप्प बसला.

इकडे सूत कातणाऱ्या मुअत्तरचं यंत्र रोज दुपारी बंद पडे, सूत तटातट तुटे. शेवटी मॅनेजर तिच्यावर खेकसला, "पोरी, तुझंच लक्ष नसतं! काय ओडिल, वीज ठीक आहे ना?"

ओडिलनं हो म्हणून मान हलवली. मेल्यानं खुशाल मान हलवली! मॅनेजरनं तिला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

"ओडिल-अका, मोठे भाऊ म्हणून तुम्ही तरी खरं बोलाल वाटलं होतं," एवढंच म्हणून ती गेली.

ओडिलनं जेवण अर्ध्यावर टाकलं. तो उठून उस्तांकडे गेला. "उस्ता, तुमचं पॅनल उघडू?"

"उघड की! मला काय विचारतोस?"

वीज बंद करून त्यानं झाकण काढलं. न्यूट्रलचा बोल्ट नुसत्या बोटानं फिरला. वायर जळून काळीठिक्कर पडली होती.

"यंत्रांच्या हादऱ्यानं सैल झाला असेल," ओडिल घाईघाईनं म्हणाला.

"थापा मारू नकोस. माझ्या मनगटात जोर राहिला नाही रे. सांगायची लाज वाटायची. म्हटलं, आपला ओडिल आहे ना मागून बघायला." उस्तांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू बघतच नव्हतास?"

ओडिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसला मान नि कसलं काय! म्हातारा एकटा पडला होता आणि पोरीची भाकरी गेली होती.

बोल्ट आवळून, मॅनेजरला सगळं सांगून तो मुअत्तरच्या घरी गेला. तिच्या सासूनं जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला, रोटी मोडून ठेवली. ओडिल दारातच, चपलांजवळ बसला.

"अहो, आत, वरच्या जागी बसा ना. पाहुणे तुम्ही," मुअत्तर म्हणाली.

"आधी ऐक. उद्यापासून कामावर ये, मॅनेजरशी बोललोय," ओडिल म्हणाला. त्याची मान वर होईना. "पण तुझं यंत्र का बंद पडत होतं, ते मला सोमवारपासून माहीत होतं."

सासूनं चहानं भरलेली पियाली त्याच्यापुढे न करता तशीच हातात धरून ठेवली.