आशाच्या केसातून उगवलेली किडनी

रविवारी सकाळी अबुधाबीत उपेंद्रच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं श्वास रोखून एका काचेच्या वाटीकडे बघत होती. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, कुणी तेल कंपनीत. गावाकडच्या बुवा-बाबांना हसणारी मंडळी. यांना फसवायला कफनी चालत नाही, पांढरा कोट लागतो. वाटीमागे उभ्या 'डॉक्टर' हेमचंद्रांनी तो इस्त्री करून घातला होता.

"हे हायड्रोजेल," हेमचंद्र सांगत होते. "पेशंटचा मुळासकट एक केस घ्यायचा. मुळाशी सेल्स, म्हणजे पेशी, असतात. सेल्सना राहायला घर लागतं. जेल म्हणजे ते घर. बघा, कुटुंब कसं वाढतंय!"

जेली फुगत फुगत वाटीच्या काठावर आली. टाळ्या पडल्या. उर्मिलावहिनींनी वाटीला हात जोडले. वाटीत त्यांच्या नवऱ्याची, उपेंद्रची, नवी किडनी होती म्हणे. पाच मिनिटांत. इडलीच्या पिठालासुद्धा फुगायला रात्र लागते.

मी हसून घरी गेलो असतो. पण पुढचं वाक्य आलं.

"आता डायलिसिस खलास. मशीनने नव्या सेल्स मरतात."

"उद्याची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केलीय," उपेंद्र म्हणाला.

"बाबा, यू विल डाय!" काव्या ओरडली. ही त्याची मुलगी. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये हायड्रोजेलवरच काम करते. पण घरचीच शास्त्रज्ञ, तिचं कोण ऐकणार?

"काव्या, आत जाऊन चहाचं बघ," वहिनी म्हणाल्या.

माझी बायको आशा आणि उपेंद्र एकाच सेंटरमध्ये डायलिसिसला जायचे. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी आशाने दोन वेळा डायलिसिस चुकवलं. एवढं लग्न होऊ दे, म्हणाली. छातीत पाणी भरलं. लग्न झालं, आशा गेली. हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. हेमचंद्र सोडून.

या डॉक्टरच्या नादी लागू नको, असं उपेंद्रला मी आदल्या दिवशी समजावून थकलो होतो. म्हणून येताना, लागलीच तर असावी म्हणत, खिशात एक पुडी आणली होती.

"डॉक्टर, माझ्या मिसेसचं पण बघा. किडनीचाच त्रास. ती येऊ शकली नाही, केस आणलाय."

"नाव?"

"आशा."

वहिनींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोलू नका. हेमचंद्रांनी दुसऱ्या वाटीत केस ठेवला, वर चिमूटभर पांढरं 'पोषण' टाकलं, पाणी ओतलं. जेली फुगली.

"वा, आशाताई! काय जोम आहे! यांच्या सेल्स फार पॉझिटिव्ह आहेत. तीन महिन्यांत स्वतः चालत माझ्याकडे येतील, इन्शाल्ला."

टाळी पडली नाही.

"क्या हुआ भाई?" हेमचंद्रांनी विचारलं.

"काही नाही. ती गेल्या वर्षी वारली. कंगवा मी अजून साफ केलेला नाही, त्यातला केस आहे. तीन महिन्यांनी ती चालत आली, तर आधी मला फोन करा."

"हबीबी, सेल्स अमर असतात..."

"मग केस नसताना काय होतं ते बघू," काव्या म्हणाली. तिने रिकाम्या वाटीत तीच भुकटी टाकून पाणी ओतलं. वाटी भरली. "ही कुणाची किडनी, अंकल?"

मागून कुणीतरी फसकन हसलं.

"आई, इंडियाला सुट्टीत जाताना आपण बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये पाणी धरणारे खडे घालतो ना? त्याचीच ही पूड. पाणी पिते आणि फुगते. बस." मग तिने काकडीच्या ताटातलं मीठ उचलून उपेंद्रच्या किडनीवर टाकलं आणि चमच्याने ढवळलं. किडनी बसली. पाणी सुटलं. "रक्तातपण मीठ असतं, बाबा."

"मग तुझ्या लॅबमधलंही खोटंच?" वहिनींनी विचारलं.

"ते खरं आहे. पण जेल म्हणजे नुसती जमीन. त्यावर सेल्स रुजवाव्या लागतात. त्यांना अन्न लागतं, ऊब लागते, एक जंतू शिरला तर सगळं वाया. पातळ थर यायला कितीतरी दिवस जातात. आणि अख्खी किडनी अशी वाढवून अजून कुणीही पेशंटला बसवलेली नाही."

हेमचंद्र वाट्या गोळा करत होते. इथे निगेटिव्ह एनर्जी आहे म्हणाले. "पण माझ्या गुडघ्याला यांच्या जेलने फरक पडला हो," एक काका म्हणाले. पडला असेल. काकांनी त्याच आठवड्यात जिने चढणंही बंद केलं होतं.

उपेंद्र माझ्याकडे वळला.

"प्रकाश, तुला राग नाही आला? आशावहिनींचं नाव घेऊन तो..."

"आला. तुझा आला."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "काव्या, सेंटरला फोन लाव."

माझं सांगणं एवढंच आहे. चमत्कार दाखवणाऱ्याचा कोट बघू नका, त्याचे जड इंग्रजी शब्द मोजू नका. केस न घालता काय होतं तेही करून दाखवा, म्हणा. खरं काम करणारा आनंदाने करून दाखवील. आणि चालू असलेला उपचार बंद करा असं कुणी सांगितलं, तर आधी त्याला दार दाखवा, विचार नंतर करा.

सोमवारी उपेंद्रला मीच सेंटरला घेऊन गेलो. चार तास तो मशीनला जोडलेला होता. कंटाळला, चिडला, नर्सशी भांडला, कॅन्टीनच्या चहाला शिव्या घातल्या. मी शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं. शिव्या घालायला माणूस जिवंत लागतो.