तळं की डोंगर

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे. मधोमध दुमडलं की माझे पाय पोटाशी येतात आणि मी कपाटामागे, दाराआड, गाडीच्या डिकीत, कुठेही मावते. तुम्ही म्हणाल, खाटेला कसली आलीय जीवनकथा, ती आपली एका जागी पडून असणार. मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या वर्षी माझ्या घरात असा काही गोंधळ झाला, की तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म नळ्या वाकवणाऱ्या एका लहान कारखान्यात झाला. वेल्डरने माझे सांधे जोडले आणि दोन बहिणींनी माझ्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्या विणल्या. त्या दिवशी त्या बहिणींचं काहीतरी बिनसलं होतं. एक रागाने ओढून विणत होती, दुसरी रुसून सैल हाताने. म्हणून आजही मी एका कडेने घट्ट आणि दुसऱ्या कडेने ढिली आहे.

एक नवरा-बायको मला विकत घ्यायला आले. बाई माझ्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "ही." नवरा म्हणाला, "ही तर ही." पुढे त्यांना मुलं झाली आणि घरात सगळे त्यांना आई आणि बाबा म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते.

बाबांचा जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात. ते गमतीने म्हणत, "आमच्या कामात प्रश्न एकच, वर की खाली. आणि तोही आत उभा असलेला माणूस बटण दाबून सोडवतो." घरातलं बटण मात्र आईच्या हाती होतं. भाजी कुठली, पडदे कुठल्या रंगाचे, सुट्टीत जायचं कुठे, सगळं आई ठरवायची. सुट्टीत एकच खोली घ्यायचे. आई, बाबा, दादा, ताई आणि गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली मी. ज्याला पलंगावर जागा नाही, तो माझ्यावर. मी ताप आलेली मुलं झोपवली, परीक्षेची जागरणं सोसली, मुक्कामी आलेल्या पाहुण्यांचं घोरणं ऐकलं. आई म्हणायची, "ही खाट आहे म्हणून आपल्याकडे माणसं राहतात." हे ऐकून माझे गंजलेले सांधेसुद्धा हलके व्हायचे.

मग मुलं मोठी झाली, आपापल्या घरी गेली. माझी रवानगी कपाटामागे झाली. माझ्यावर रद्दी आली, रद्दीवर कोळ्याचं जाळं आलं. कोणी वाईट वागलं असं नाही, नुसता विसर पडला.

आणि मग आई गेली. थोड्या दिवसांचं आजारपण, आणि गेली. भेटायला आलेली माणसं परतली, त्या दुपारी बाबांनी कपाट सरकवून मला ओढून काढलं, पुसलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी टाकलं. तेव्हापासून ते माझ्यावरच झोपू लागले. आतल्या खोलीत चांगला ऐसपैस पलंग रिकामा होता. मला मान मिळाला याचा आनंद झाला, पण मोठा पलंग सोडून हा माणूस माझ्या ढिल्या पट्ट्यांवर का वळवळतो, ते कळेना.

घरात आईचं नाव कोणी काढत नसे. मुलांना वाटे, बाबांना त्रास होईल. बाबांना वाटे, मुलांना होईल. मग सगळे हवापाण्याबद्दल बोलत.

अशात दादा आणि ताईच्या मनात आलं, की बाबांना सुट्टीला न्यायचं. सगळ्यांनी मिळून, एक आठवडा. कुठे राहायचं तर व्हिलांच्या वसाहतीत. हा शब्द मला नवा होता. दादाच्या मुलीला घरात बडबडी म्हणतात. तिने समजावलं, "आजोबा, मोठ्या कुंपणाच्या आत खूप बंगले असतात. आपला एक घ्यायचा. सगळ्यांचा मिळून पोहायचा तलाव असतो."

दादा नकाशे काढण्याच्या कचेरीत आहे. त्याने शोधलेली वसाहत तळ्याकाठी होती. सपाट जमीन, पायऱ्या नाहीत, दवाखाना आवारातच. बाबांशेजारी माझ्यावर बसून त्याने फोनवर फोटो दाखवले.

"तळ्याकाठी पोहायचा तलाव कशाला?" बाबांनी विचारलं.

"असतो हो बाबा. आवडलं का ते सांगा."

"छान आहे. हेच बरं."

दुसऱ्या दिवशी ताई आली. ती दातांची डॉक्टर. तिने शोधलेली वसाहत डोंगरावर होती. थंड हवा, शांतता, प्रत्येक खोलीला खिडकी. तीही माझ्यावर बसली, तिनेही फोटो दाखवले.

"छान आहे," बाबा म्हणाले. "हेच बरं."

मी चक्रावले. कालचं बरं होतं ते काय झालं? पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. दादाचा फोन आला की तळं, ताईचा आला की डोंगर. माणूस खोटं बोलताना अंग चोरतो, ते मला पाठीखाली कळतं. बाबा अंग चोरत नव्हते. ते दोन्ही वेळा खरंच बोलत होते, आणि दोन्ही खरं कसं असेल ते मला उमगत नव्हतं.

एका रविवारी दोघं भावंडं एकदमच आली आणि व्हायचं ते झालं.

"दादा, बाबांना डोंगरावर जायचंय. मला स्वतः म्हणालेत."

"काहीतरीच. परवा याच खाटेवर बसून तळं म्हणाले."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं कुठे म्हटलं? पण बाबा खोटं बोलतात असंही मी म्हणणार नाही."

"तुला प्रत्येक गोष्टीचा नकाशा काढायची सवय आहे. माणसाचा निघत नसतो." ताईचा आवाज चढला. "आई असताना तरी तू ऐकायचास. जा तुम्ही तळ्यावर. मी येणार नाही. आणि यापुढे मला कशात धरूच नका."

कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत 'आई' हा शब्द उच्चारला गेला होता, आणि तोही भांडणात. बाबा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"दोन्हीकडे जाऊ की," ते म्हणाले.

"एकाच आठवड्यात?"

"मग तुम्ही ठरवाल तसं."

"नाही बाबा," ताई म्हणाली. "आज तुम्हीच सांगायचं. तुम्हाला पाणी आवडतं की डोंगर?"

बाबांनी ट्रे ठेवला आणि ते माझ्यावर बसले. 

"मला माहीत नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. तुमची आई म्हणायची चला, की मी निघायचो. तिला आवडलं की मलाही आवडायचं. आता मला एकट्याला काय आवडतं, ते मी कधी बघितलंच नाही. तू डोंगर दाखवलास की डोंगर बरा वाटतो, हा तळं दाखवतो तेव्हा तळं."

 दादा म्हणाला, "मग बघून येऊ. आधी तळं बघू. पटलं नाही तर डोंगर."

असा मी पुन्हा प्रवासाला निघाले. बडबडीही बरोबर होती. "दुपारी पाठ टेकायला असू दे," म्हणत बाबांनीच मला डिकीत घातलं.

तळ्याच्या वसाहतीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक व्यवस्थापक पुढे आला. त्याने आम्हाला दुपारपुरता एक बंगला उघडून दिला. मला पाहून त्याचा चेहरा पडला. "बाहेरचं फर्निचर चालत नाही, साहेब."

"ते फर्निचर नाही," दादा म्हणाला, "ती आमच्या वडिलांची पाठ आहे."

शेवटी व्हरांड्यापर्यंत परवानगी मिळाली. तिथून मी आजूबाजूला पाहिलं आणि मला गरगरलं. समोर आमच्यासारखंच घर. शेजारी तसंच. तेच लाल छप्पर, तेच फाटक, फाटकाशी तेच झुडूप, व्हरांड्यात त्याच दोन पांढऱ्या खुर्च्या. एकाच साच्यातून काढल्यासारखं सगळं.

बाबा म्हणाले, "एक चक्कर मारून येतो." फोन माझ्यावरच ठेवून गेले.

चहा झाला, निवला. बाबा आले नाहीत. दादा शोधायला गेला. आयुष्यभर नकाशे काढणारा माणूस, पण दोनदा फिरून रिकाम्या हाताने परत आला आणि दोन्ही वेळा शेजारचंच घर आपलं समजून आत शिरू लागला. ताईने हाका मारल्या. मग ती थांबली आणि तळ्याकडे बघू लागली.  दादा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं तळ्याच्या दिशेने पळणार, एवढ्यात व्यवस्थापक घाईघाईने आला. मागच्या गल्लीत एका घरी तुमच्यासारखेच कोणीतरी बसले आहेत, म्हणाला.

पुढचं मला त्यांच्यामागे पळत गेलेल्या बडबडीने सांगितलं. त्यात तिखटमीठ असलंच तर ते तिचं.

बाबा परत आले होते ते आपल्याच घरी, असं त्यांना वाटलं. तेच फाटक, तेच झुडूप. फक्त घर दुसऱ्याचं होतं. आत एक भलंमोठं कुटुंब जमलेलं. सासरचे, माहेरचे, कोण कोणाचं ते त्यांनाच धड माहीत नाही. इकडच्यांना वाटलं हे तिकडचे, तिकडच्यांना वाटलं इकडचे. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे मटाराच्या शेंगा ठेवल्या आणि बाबा निमूटपणे सोलायला बसले. आपण चुकलो हे लक्षात आलं तेव्हा अर्ध्या शेंगा सोलून झाल्या होत्या.

"मी बहुतेक चुकून आलोय," ते म्हणाले.

"इथे सगळेच चुकतात. बसा हो," म्हातारीबाई म्हणाल्या. "आणि वहिनी कुठे आहेत?"

दादा आणि ताई दारात पोचले तेव्हा बाबा सांगत होते. अनोळखी माणसांना, शेंगा सोलत, आईबद्दल सांगत होते.

"एकदा अर्ध्या वाटेतून तिने गाडी वळवायला लावली. म्हणाली, ते मागे दिसलं ना, ते जास्त चांगलं आहे. गेलो. तिथे घरात पाणीच नव्हतं."

"म्हणजे त्या चुकायच्या?"

"निम्म्या वेळा तरी." बाबा हसले. "मला एकट्याला सांगायची, अहो, मलाही कळत नाही हो काय करावं. पण मुलांसमोर असं म्हटलं तर ती घाबरतील. म्हणून मी आपली मोठ्याने सांगते." आणि ते पुन्हा शेंगा सोलू लागले. त्या बाईंनी आणखी थोड्या शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

ताई दारातच खाली बसली. दादा भिंतीला टेकला. आईलाही कधीकधी काय करावं ते कळत नसे, ही गोष्ट त्यांना आज कळत होती.

ती तिघं परत आली आणि व्हरांड्यात माझ्यावरच बसली. बाबा मध्ये, दोन बाजूंना दोघं. मी एका माणसासाठी घडवलेली. ढिल्या कडेला ताई होती, ती जवळजवळ जमिनीला टेकली. पण उठलं कोणीच नाही. त्यांनी आईच्या गोष्टी काढल्या. पाणी नसलेलं घर, पडद्यांचा फसलेला रंग. हसता हसता ताई रडली आणि बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझे सांधे कुरकुरत होते. मी दम धरला.

"मग बाबा," दादाने हळूच विचारलं, "हे ठरवायचं का? तळं?"

"नको," बाबा म्हणाले. आपल्याच तोंडून असा शब्द आला म्हणून ते स्वतःच जरा दचकले. "माणसं चांगली आहेत. पण सगळी घरं सारखी. मला नाही आवडलं."

"मग डोंगर?"

"बघितल्यावर सांगतो. तिथेही कदाचित नको म्हणेन."

"म्हणा ना," ताई डोळे पुसत म्हणाली. "हवं तितक्यांदा म्हणा."

डोंगरावर ते गेले. तिथे आठवडाभर धुकं होतं. ज्या खिडक्यांचं ताईने इतकं कौतुक केलं होतं, त्यांतून समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. दादाने तिला चिडवलं, ती उलट चिडली, बडबडी चिखलात पडली. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "चालेल." दुसऱ्या दिवशी, "नाही, चालेल असं नाही. बहुतेक आवडलंय." निघायच्या दिवशी त्यांना विचारलं तर म्हणाले, पुढच्या वेळी समुद्र बघू या, तोही एकदा तपासायला हवा.

मीही त्यांच्याबरोबर गेले होते. पण मला डिकीतून कोणी काढलंच नाही. बाबा तिथे पलंगावर झोपले, कोपऱ्यातली खोली स्वतः निवडून. मी अंधारात पडून वरून येणारं हसणं ऐकत होते. खूश व्हावं की रुसावं, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगू, अजूनही नीटसं कळलेलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी माझ्या सांध्यांना तेल दिलं. आता ते कधी माझ्यावर झोपतात, कधी आतल्या पलंगावर. रोज संध्याकाळी जरा वेळ घुटमळतात, मग ठरवतात. कधीकधी चुकतात आणि उशी काखेत मारून परत येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटामागे कोणी माझ्यासारखी असेल. तिच्यावरची रद्दी काढा, सांध्यांत तेलाचे दोन थेंब सोडा, एवढंच मागणं आहे. आणि घरातल्या मोठ्या माणसांना काय हवं ते जरूर विचारा. ती 'तुम्ही ठरवाल तसं' म्हणाली, तर लगेच ठरवून मोकळे होऊ नका. 'माहीत नाही' म्हणाली, तर रागावू नका. ज्यांनी आपल्यासाठी मोठ्याने सांगितलं, त्यांनाही पुष्कळदा माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारी थोडं बसा. दाटीवाटी होईल, मी कुरकुरेनही. पण तुम्ही बसा.