पहिल्या पाण्याचा मान

घाटनांदूरच्या अलीकडे, डिस्टिलरीच्या मागच्या रानात जीपमधून उतरले आणि सकाळचे पोहे घशाशी आले. मातीचे नमुने काढणं हे माझं काम, तेव्हा घाणीचं मला नवल नाही. पण हा सडलेल्या गुळाचा वास कपड्यांतच मुरत होता.

रान विमलबाईंचं. कारखाना मळीचं पाणी रानाकडेच्या चारीत, उघड्या चरात, सोडतो आणि ते आपल्या विहिरीत उतरतं, ही त्यांची तक्रार. खालच्या मातीत मळी सापडली तर चारी बंद होणार, नाही सापडली तर तक्रार निकालात. सगळं या एका नमुन्यावर होतं.

कारखान्याचे मालक धर्मराज तात्या जातीनं हजर होते. पांढरेशुभ्र कपडे, वर अत्तराचा मारा. मदत म्हणून त्यांनी आणली होती पाण्याचं बोर पाडणारी गाडी.

"तात्या, हिनं नमुना निघत नाही," मी म्हणाले. "हवेच्या झोतानं माती उधळते, वरची खालची एक होते. मी हातानं फिरवायचं गिरमिट आणलंय. त्यानं थराथरानं माती वर येते."

"मॅडम, त्या गिरमिटानं काय लाडू वळायचेत का?" तात्या हसले. मग जमलेले सगळे हसले. तात्या हसले की हसायचं, ही इथली रीत. मळीपेक्षा मला त्या हसण्याचीच जास्त किळस आली.

गाडीवाल्या बंकटनं नारळ फोडला, इंजिन सुरू केलं. माती धुरळा होऊन उडून गेली. थोड्याच वेळात भोकातून फेसाळ पाणी उसळलं. बंकटच्या माणसांची हयात पाणी शोधण्यात गेलेली. ओल दिसली की हात गुलालाकडे जाणारच. माती तपासायला आलोय, हे कुणाच्या गावीही नव्हतं. इंजिन बंद झालं, गुलाल उधळला, तांब्या भरला गेला. पाणी काळपट होतं, वर तेलकट साय.

नव्या बोरचं पहिलं पाणी मानाच्या माणसानं तीर्थ म्हणून घ्यायचं, असा रिवाज. विमलबाईंनी तांब्या उचलला, पदर सारखा केला आणि तात्यांपुढे उभ्या राहिल्या.

"तात्या, मान तुमचा. घ्या."

मोबाइल वर झाले. तात्यांनी सवयीनं ओंजळ पुढे केली, तोंडाजवळ नेली आणि मान फिरवली.

"आज माझा उपास हाय."

"पाण्याला कसला उपास, तात्या? तुमीच म्हणलता ना, पानी चांगलं हाय, बिनघोर प्या. माज्या लेकरांनी पिलं की."

ओंजळ सैल झाली. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ओघळ उतरले. तात्या रुमालानं हात पुसत राहिले. या वेळी कुणीच हसलं नाही.

बंकटनं तात्यांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मॅडम, काढा तुमचं गिरमिट. माजी मानसं फिरवतेत."

तात्या आपल्या मोटारीत जाऊन बसले आणि काच वर केली.

बोरपासून लांब, कोऱ्या जागी आम्ही गिरमिट लावलं. वरचा थर निघाला, मग मुरूम, आणि त्याखालून मळीनं काळीठिक्कर झालेली, चिकट माती. ती डब्यात भरताना वास अंगावर आला. मी नाकाला रुमाल बांधला, बंकटनं उपरणं लावलं. विमलबाई उघड्या नाकानं वाकून बघत होत्या.

"बाई, पदर तरी लावा."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आमी ह्यातच बसून भाकर खातो."