माझ्या रेघा सरळच होत्या

मी फ्रिजच्या दारावरचा चौकोनांचा कागद बोलतोय. अंगभर आडव्या-उभ्या रेघा आणि मधोमध एक काळा ठिपका, एवढीच माझी मिळकत. माझ्यावर कोणी लिहीत नाही. माझ्याकडे फक्त बघायचं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला रफूवाल्या काकूंच्या हाती दिलं. म्हणाल्या, "डोळ्यांच्या पडद्यावर वयाचे बारीक बदल दिसायला लागलेत. नजर अजून चांगली आहे. रोज चष्मा लावून, एकेक डोळा झाकून या ठिपक्याकडे बघा. रेघ वाकडी दिसली की लगेच या."

नजर गेली तर काकूंचं कामच गेलं. फाटका कोट त्या असा विणत, की कुठे फाटला होता ते कोटालाही आठवू नये.

काकू नेमाच्या पक्क्या. आंघोळ, प्रार्थना, मग मी. फक्त बघत दोन्ही डोळ्यांनी.

"अगं, एक झाक," काका चहा ढवळत म्हणत.

"देवानं दोन दिलेत ते काय एक झाकायला?"

एक डोळा चुकला की दुसरा सांभाळून घेतो, जुन्या नवरा-बायकोसारखा. त्यामुळे सात महिने मी सरळ होतो.

मग एका सकाळी कांदा चिरताना काकूंचा डावा डोळा चुरचुरला. तो मनगटानं दाबून त्यांनी उजव्यानं मला पाहिलं.

"अहो, हा कागद दमट झालाय. रेघा वाकल्यात."

त्यांनी मला इस्त्री केली. मनापासून केली. माझा एक कोपरा भाजला, त्या उजव्या डोळ्याला रेघा मात्र वाकड्याच दिसल्या.

"मला तर सरळ दिसतात," काका म्हणाले.

"तुम्हाला सगळंच सरळ दिसतं."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "डावा झाकूनच दाराची चौकट बघ."

काकूंनी बघितली. बराच वेळ बघितली. "वाकडी आहे."

"मग आता दाराला इस्त्री करायची?"

काकू हसल्या नाहीत. "मला सुई ओवता नाही आली तर हो?"

"आधी चप्पल घाल."

डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं पूर्ववत होईलच असं नाही, पण आहे ते राखू." ठिपक्याजवळ एक रेघ अजून वाकते, पण वाढलेली नाही. काकू दिवा जवळ ओढून रफू करतात.

त्यांना नवा कागद मिळाला. मला वाटलं, आता मी कचऱ्यात.

"यानं खरं सांगितलं, आणि मी यालाच चटका दिला," काकू म्हणाल्या, आणि मला काकांच्या उंचीवर चिकटवलं.

"मला कशाला?"

"वय काय माझं एकटीचंच वाढतंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सरळ आहेत."

"हात कुठाय?"

काकांनी निमूटपणे हात डोळ्यावर नेला.

तुमच्या घरी मी नसेन, दाराची चौकट तर असेल. एक डोळा झाका, मग दुसरा. वाकडं दिसलं तर बिचाऱ्या दाराला बोल लावू नका, डॉक्टरकडे जा. चटका मी एकट्यानं खाल्ला, तेवढा पुरे.